गोठ्यावर येणारी कृत्रिम रेतन सेवा : शुक्राणूच्या शेपटीवरून केलेले परीक्षण

नाशिकच्या पश्चिमेला, मखमलाबादपासून गिरणाऱ्यापर्यंतच्या पट्ट्यात द्राक्षबागेच्या जोडीला दोन-चार संकरित गाई बांधणारी घरे पुष्कळ आहेत, आणि या घरांचा संबंध सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याइतकाच गोठ्यावर येऊन कृत्रिम रेतन करणाऱ्या खासगी सेवांशीही येतो. अशाच एका सेवेचे हे परीक्षण आहे. एक पशुवैद्यक आणि त्यांचे प्रशिक्षित सहायक ती चालवतात, दिंडोरी रस्त्याला त्यांचे लहानसे केंद्र आहे, आणि आमच्या गोठ्यातल्या होल्स्टीन संकरित गाई व एक डांगी गाय यांचे रेतन गेली काही वर्षे त्यांच्याकडूनच होते. सेवा व्यक्तीच्या नावाने ओळखली जाते, म्हणून नाव लिहीत नाही. मला जे सांगायचे आहे ते कामाच्या पद्धतीविषयी आहे आणि ते इतर कोणत्याही सेवेची पारख करतानाही उपयोगी पडावे, अशी इच्छा आहे.

अशा सेवेची चौकशी करताना आपण सहसा तीन गोष्टी विचारतो: वेळेवर येतात का, पैसे किती घेतात, आणि गाय लागते, म्हणजे गाभण राहते का. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण गाय का लागली किंवा का उलटली (गाभण न राहता पुन्हा माजावर आली), हे पहिल्या दोन उत्तरांवरून कळत नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरचा गोठाही सांभाळते. माझे ठाम मत असे की, रेतनाच्या वेळी आपण ज्या वस्तूचे पैसे मोजतो ती वस्तू म्हणजे शुक्राणूची शेपूट आणि तिच्यातली प्रथिने. वळूच्या आईच्या दुधाचा आकडा पत्रकावर कितीही मोठा छापलेला असो, तो गुण वाहून नेणारी शेपूट नेमक्या वेळी नेमक्या रीतीने हलली नाही, तर त्या पत्रकाचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून या सेवेकडे मी त्या शेपटीच्या बाजूने पाहते.

प्रथम वस्तू कशी असते ते पाहू. आपण जिला कांडी म्हणतो ती गोठवलेल्या रेताची स्ट्रॉ सुमारे १३ सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीच्या शिशाहून थोडीच जाड असते. तिच्यात पाव मिलिलिटर पातळ केलेले रेत असते. केंद्र सरकारच्या किमान निकषांनुसार एका कांडीत २ कोटी शुक्राणू असावे लागतात आणि ती वितळवल्यावर त्यांपैकी किमान ५० टक्के शुक्राणू पुढे सरकणारे असावे लागतात. म्हणजे उत्तम कांडीतलेही निम्मे शुक्राणू गोठवण्यातच कामी आलेले असू शकतात, हे निकषानेच गृहीत धरलेले आहे. कांडीवर वळूचा क्रमांक, जात, गोठवल्याची तारीख आणि वीर्यकेंद्राचा संकेत बारीक अक्षरांत छापलेला असतो. या सेवेचे सहायक तो मजकूर मालकाला वाचून दाखवतात, गाईच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्यासोबत वहीत लिहितात, आणि रेतन झाल्यावर रिकामी कांडी मालकाच्या हातात देतात. या सवयीमुळे आमच्याकडे प्रत्येक वासराच्या बापाची नोंद आहे, आणि गाय पुन्हा पुन्हा उलटली तर दोष कुठे शोधायचा याला काही आधार राहतो.

आता त्या शेपटीविषयी. वळूच्या शुक्राणूचे डोके सुमारे ९ मायक्रोमीटर लांब असते आणि शेपूट त्याच्या पाच-सहा पट. शेपटीच्या गाभ्यात सूक्ष्मनलिकांची ठरलेली मांडणी असते: मध्ये दोन एकेरी नलिका आणि त्यांच्याभोवती नऊ जोड्या. या जोड्यांवर डायनीन नावाच्या प्रथिनाचे हात बसवलेले असतात. ते एटीपी हे पेशीचे इंधन खर्च करून शेजारच्या जोडीवर सरकू पाहतात, आणि जोड्या बुडाशी बांधलेल्या असल्यामुळे सरकण्याऐवजी शेपूट वाकते. एका बाजूचे डायनीन काम करत असताना समोरच्या बाजूचे थांबलेले असावे लागतात, मग पाळी बदलते. ही अदलाबदल सेकंदाला कित्येक वेळा होत राहिली की शेपटीतून लाट जाते आणि शुक्राणू पुढे सरकतो. डोक्याजवळच्या भागात मायटोकॉन्ड्रियांचे वेटोळे असते, आणि त्याच्या मागच्या लांब भागाला एक तंतुमय आवरण असते. हे आवरण केवळ आधारासाठी नाही. साखरेपासून ऊर्जा काढणारी विकरे (एन्झाइम) त्याच्यावर बसवलेली असतात, आणि एकेएपी४ नावाचे त्यातले मुख्य प्रथिन पीकेए या, फॉस्फेटचे गट जोडणाऱ्या महत्त्वाच्या विकराला शेपटीतच बांधून ठेवते. ज्या उंदरांमध्ये एकेएपी४ चे जनुक निकामी केले, त्यांच्या शुक्राणूंची संख्या फारशी घटली नाही. पण ते पुढे जाऊ शकले नाहीत आणि नर वांझ ठरले.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तयार झालेला शुक्राणू नवी प्रथिने जवळजवळ बनवतच नाही. त्याचे डीएनए घट्ट आवळून बंद केलेले असते आणि पेशीद्रवाचा बहुतेक भाग तो मागे टाकून आलेला असतो. तरीही त्याची चाल आयुष्यात अनेकदा बदलते. हे बदल जी प्रथिने आधीपासून शेपटीत आहेत त्यांच्यावरच केले जातात: कुठे फॉस्फेटचा गट जोडला जातो, कुठे काढला जातो, कुठे कॅल्शियम येऊन चिकटते. प्रत्येक बदलाने शेपटीची लाट थोडी वेगळी होते.

पहिला मोठा बदल वळूच्या शरीरातच होतो. वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण पोहू शकत नाही. अधिवृषणाच्या, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या लांबलचक नळीतून पुढे जाता जाता त्याला ही क्षमता येते. विजयराघवन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून असे दिसले की, अधिवृषणाच्या सुरुवातीच्या भागातील अचल शुक्राणूंमध्ये फॉस्फेट काढून टाकणाऱ्या पीपी१ गॅमा२ या प्रथिनाची आणि जीएसके-३ या विकराची क्रिया जास्त असते, आणि शेवटच्या भागातील चपळ शुक्राणूंमध्ये ती कमी झालेली असते. फॉस्फेट काढणारे हे प्रथिन औषधाने अडवले, तर वेळेआधीच शेपूट हलू लागते. म्हणजे हालचालीची यंत्रणा आधीपासून तयारच असते, फक्त तिच्यावर एक लगाम असतो, आणि अधिवृषणात तो हळूहळू सैल होतो. हे काम गाय-बैलाच्याच शुक्राणूंवर झालेले आहे, त्यामुळे गोठ्यातल्या माणसाला ते परके वाटण्याचे कारण नाही.

दुसरा बदल रेत बाहेर पडताना होतो. रेतातील इतर ग्रंथींच्या स्रावात बायकार्बोनेट असते. ते शुक्राणूच्या आत जाऊन एका विकराला जागे करते, त्यातून सायक्लिक एएमपी हा निरोप पोहोचवणारा रेणू तयार होतो, त्याने पीकेए कामाला लागते आणि शेपटीतील प्रथिनांवर फॉस्फेटचे गट जोडले जाऊ लागतात. परिणामी लाटा जलद आणि सारख्या येतात, आणि शुक्राणू सरळ रेषेत पोहतो. वितळवलेल्या कांडीत आपल्याला जी चाल हवी असते ती हीच.

तिसरा बदल मात्र गाईच्या शरीरात व्हावा, त्याआधी नको. मिन चुएह चँग आणि कॉलिन ऑस्टिन या दोघांनी १९५१ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की, मादीच्या प्रजननमार्गात काही काळ राहिल्याशिवाय सस्तन प्राण्याचा शुक्राणू बीजांड फलित करू शकत नाही. या तयारीला कपॅसिटेशन म्हणतात. तिच्यात शुक्राणूच्या पडद्यातून कोलेस्टेरॉल निघून जाते, आत कॅल्शियम येते, आणि शेपटीतील कित्येक प्रथिनांच्या टायरोसीन या घटकावर फॉस्फेट जोडले जाते. कपॅसिटेशन आणि टायरोसीनवरचे हे फॉस्फेट यांचा संबंध १९९५ मध्ये पाब्लो विस्कोंती, ग्रेगरी कॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या शुक्राणूंवर स्पष्ट केला. कॅल्शियम आत घेणारी मुख्य वाहिनी, कॅटस्पर, २००१ मध्ये सापडली. ती शेपटीच्या मुख्य भागातच असते, आणि ती नसलेल्या नर उंदरांना पिल्ले होत नाहीत. या सर्व बदलांच्या अखेरीस शेपटीची चाल पालटते: सारख्या लहान लाटांऐवजी ती एका बाजूला मोठे, खोल, चाबकासारखे फटके मारू लागते. गाईच्या अंडवाहिनीच्या अरुंद भागात शुक्राणू भिंतीला चिकटून वाट पाहत असतात. तिथून सुटायला आणि नंतर बीजांडाचे जाड आवरण भेदायला हीच चाल लागते.

ही चाल शुक्राणूला फार काळ पेलत नाही. शुक्राणू म्हणजे तेल मोजूनच घातलेली पणती आहे. वात मोठी केली की उजेड वाढतो, पण पणती लवकर विझते. कपॅसिटेशन झालेला शुक्राणू सहसा मागे फिरून पुन्हा निवांत, सरळ पोहणारा होत नाही. म्हणून ती तयारी बीजांड येण्याच्या सुमारास व्हावी, अशी निसर्गाची योजना आहे. गोठवण्याने आणि वितळवण्याने नेमकी हीच योजना बिघडते. थंडीने शुक्राणूच्या पडद्यातील स्निग्ध घटकांची रचना विसकटते आणि कॅल्शियम नको तेव्हा आत शिरते. क्यूबेकमधील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये वळूच्या शुक्राणूंबाबत दाखवले की, गोठवून वितळवलेल्या शुक्राणूंमध्ये कपॅसिटेशन अकाली सुरू झालेले दिसते. म्हणजे कांडीतून गाईत गेलेल्या जिवंत शुक्राणूंपैकीही एक वाटा शेवटच्या टप्प्याकडे आधीच ढकलला गेलेला असतो. ताज्या रेतातला शुक्राणू गाईच्या शरीरात जितका काळ वाट पाहू शकतो, तितका काळ हा पाहू शकत नाही.

एवढे लक्षात घेतले की रेतन सेवेची परीक्षा कुठे घ्यायची ते आपोआप ठरते. नायट्रोजनचा कॅन कसा सांभाळला जातो, कांडी कशी वितळवली जाते, आणि गाईला कोणत्या तासाला भरवले जाते, म्हणजे रेतन केले जाते, या तीन ठिकाणी ती शेपूट वाचते किंवा वाया जाते.

यांचा कॅन मी जवळून पाहिला आहे. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंश सेल्सिअसचा. सहायक दर वेळी लाकडी पट्टी बुडवून पातळी पाहतो, पट्टीवर धरलेल्या पांढऱ्या हिमाची उंची मोजून कॅनला बांधलेल्या कार्डावर लिहितो, आणि हवी ती कांडी काढताना डबी कॅनच्या गळ्यावर येऊ देत नाही. हे फार महत्त्वाचे आहे. कांड्या वर उचलून निवांत शोधत बसले, तर शोधलेली कांडी बिघडते आणि न वापरलेल्या इतर कांड्याही बिघडतात, कारण अर्धवट तापून पुन्हा गोठताना आतले बर्फाचे बारीक कण मोठे होतात आणि शुक्राणूचा पडदा फाडतात. यांच्याकडे कोणत्या डबीत कोणत्या वळूच्या कांड्या आहेत याचा तक्ता झाकणाला चिकटवलेला आहे, त्यामुळे शोधाशोध होत नाही. पूर्वी आमच्याकडे येणाऱ्या एका दुसऱ्या सेवेत पातळी मोजताना मी कधी कोणाला पाहिले नाही, आणि कांडी तळहातांत चोळून वितळवली जात असे. त्या काळात आमच्या गाई वारंवार उलटत. कारण तेच होते असे मी म्हणत नाही, पण त्या पद्धतीत शेपटीची काळजी घेणारे काहीही नव्हते एवढे नक्की.

वितळवण्याचे काम यांच्याकडे थर्मासमधल्या ३७ अंशाच्या पाण्यात, ३० सेकंद घड्याळ लावून होते. आधी थर्मामीटर बुडवून मालकालाही आकडा दाखवला जातो. मग कांडी बाहेर काढून कोरड्या टिश्यूने पूर्ण पुसली जाते, आणि या पुसण्यात कुणी घाई केलेली मी पाहिलेली नाही. कांडीच्या कापलेल्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब राहिला तरी तो आत जातो; साध्या पाण्यात शुक्राणूच्या शेपटीचा पडदा फुगतो, आतले तंतू वळून शेपटीची गाठ होते, आणि मग ती पोहण्याच्या कामाची राहत नाही.

नाशिक जिल्ह्यात थंडीचा मुद्दा वेगळा काढून सांगितला पाहिजे. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा एक आकडी होतो हे सर्वांना माहीत आहे, आणि गिरणाऱ्याकडेही थंडी काही कमी नसते. अशा वेळी लोखंडी रेतन गन बर्फासारखी गार झालेली असते. ३७ अंशावर आणलेली कांडी त्या गनमध्ये घातली, तर काही क्षणांत तिचे तापमान उतरते आणि नुकत्याच जाग्या झालेल्या शेपटीला थंडीचा दुसरा धक्का बसतो. असा धक्का बसलेले शुक्राणू गोल गोल फिरतात, मागे सरकतात किंवा थांबतात. ही सेवा देणारे हिवाळ्यात गन आधी हातांनी आणि टिश्यूने घासून कोमट करतात, भरल्यावर ती शर्टाच्या आत अंगाशी धरून गाईपर्यंत नेतात, आणि गाय आधीच खोड्यात अडकवलेली असल्याशिवाय कांडी वितळवतच नाहीत. या शेवटच्या नियमासाठी मी त्यांना मनापासून दाद देते. कांडी तयार झाल्यावर गाय पकडायला धावणारी मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत.

वेळेच्या बाबतीत ही सेवा सर्वांत उजवी आहे. माज सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३० तासांनी गाईचे बीजांड सुटते, आणि सुटलेले बीजांड फार थोडे तास टिकते. शुक्राणूंना अंडवाहिनीत पोहोचून तयार व्हायला काही तास लागतात. गोठवलेला शुक्राणू जास्त वाट पाहू शकत नाही, म्हणून फार लवकर भरवले तर बीजांड येईपर्यंत शेपट्या थकलेल्या असतात, आणि फार उशिरा भरवले तर बीजांडच उरत नाही. सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, हा जुना नियम याच हिशेबाने बसतो. आमची एक गाय एकदा सकाळपासून हंबरत होती, सोट (माजात गळणारा स्राव) स्वच्छ आणि चिकट होता, म्हणून मी घाईने फोन केला. सहायक आले, गाईजवळ थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, ही दुसरीवर चढते आहे, पण दुसरी चढली की अजून उभी राहत नाही. आत्ता कांडी टाकली तर पैसे मला मिळतील आणि गाय तुमची उलटेल. उभी राहायला लागली की वेळ लिहून ठेवा आणि मला कळवा.” त्या फेरीचे त्यांनी काहीही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ते परत आले. काम न करता परत जाण्याची ही तयारी मला पत्रकावरच्या कोणत्याही दाव्यापेक्षा मोलाची वाटते.

त्यांच्या दिंडोरी रस्त्याच्या केंद्रात एक सूक्ष्मदर्शक आहे आणि त्याला काच कोमट ठेवणारी तापती पट्टी जोडलेली आहे. नव्या बॅचच्या कांड्या आल्या की त्यांतली एक वितळवून तपासली जाते आणि त्या वेळी मालकांना पाहू देतात. मी पाहिलेला थेंब असा होता: बरेच शुक्राणू सरळ रेषेत जात होते आणि पुढे जाताना त्यांचे चपटे डोके लुकलुकल्यासारखे दिसत होते, कारण शुक्राणू स्वतःभोवती फिरत पोहतो. काही एकाच जागी लहान वर्तुळे काढत होते. काहींची शेपूट फक्त थरथरत होती. काही स्थिर होते, आणि त्यांतल्या थोड्यांच्या शेपटीला वेटोळे पडले होते. डॉक्टरांनी काचेच्या कडेने साध्या पाण्याचा बारीक थेंब सोडून दाखवला, आणि पाणी पोहोचेल तसतशा सरळ शेपट्या आकड्यासारख्या वळत गेल्या. कांडी पुसण्याचे कारण एकाच नजरेत समजण्यासाठी याहून चांगला धडा मला माहीत नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही हे दाखवता आले तर मला फार आवडेल.

वर्तुळात पोहण्याविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पॅरिसच्या क्यूरी संस्थेत सुदर्शन गदाधर, कार्स्टन यांक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात सूक्ष्मनलिकांच्या ट्यूब्युलिन या प्रथिनावर ग्लायसीनचे बारीक गट जोडण्याची प्रक्रिया उंदरांमध्ये बंद केली, तेव्हा डायनीनच्या हातांचा मेळ बिघडला, शेपटीचे झोके एका बाजूला झुकले आणि शुक्राणू प्रामुख्याने वर्तुळातच पोहू लागले. आमच्या थेंबातील वर्तुळे याच कारणाने होती असे अजिबात नाही. तिथे गोठवण्याचा मार हेच अधिक साधे कारण आहे. पण एका प्रथिनावरचा एवढासा गट नसल्याने सरळ रस्ता हरवतो, हे कळल्यापासून मी कांडीच्या तपासणीत किती शुक्राणू हलतात याइतकेच कसे हलतात याकडेही पाहू लागले.

माझी मुख्य तक्रारही इथेच आहे. केंद्रातील तपासणी वितळवल्यानंतर काही मिनिटांतच होते आणि चालीचा टक्का नुसत्या डोळ्यांनी ठरवला जातो. डोळ्यांनी ठरवण्याला माझी हरकत नाही, अनुभवी नजर बरेच काही सांगते. हरकत वेळेला आहे. दोन कांड्यांत वितळवल्याबरोबर सारखेच ५५ टक्के शुक्राणू पळताना दिसू शकतात, पण एकीतल्या शुक्राणूंच्या प्रथिनांमध्ये अकाली बदल थोडेच झालेले असतील आणि दुसरीतले अंतिम टप्प्याच्या जवळ आलेले असतील. पहिल्या मिनिटाला दोन्ही सारख्याच चपळ, दुसरीतले तर कदाचित जास्तच उसळणारे दिसतील. फरक कळतो तो तोच नमुना ३७ अंशावर ठेवून तासा-दोन तासांनी पुन्हा पाहिल्यावर. वीर्यकेंद्रांमध्ये अशी तपासणी करतात. गोठ्यावर ती करावी अशी माझी अपेक्षा नाही, पण ज्या केंद्रात तापती पट्टी आणि सूक्ष्मदर्शक आधीच आहे तिथे थोडे पाणी कोमट ठेवून हे सहज होण्यासारखे आहे.

दुसरी तक्रार लिंगनिश्चित कांडीविषयी आहे. कालवडच व्हावी या इच्छेने लोक ती मागतात आणि सेवाही आग्रहाने सुचवते. एक्स (कालवड देणाऱ्या) आणि वाय (गोऱ्हा देणाऱ्या) शुक्राणूंच्या डीएनएमध्ये गाय-बैलात सुमारे ४ टक्के फरक असतो. त्या फरकावरून वेगळे करण्यासाठी प्रत्येक शुक्राणूला रंग देऊन, लेझरसमोरून, दाबाखाली जाऊ द्यावे लागते आणि मग गोठवावे लागते. कालवडीचे प्रमाण त्यामुळे सुमारे ९० टक्क्यांपर्यंत जाते हे खरे आहे, पण अशा कांडीत शुक्राणूंची संख्या कमी असते आणि त्यांच्या शेपट्यांनी मारही जास्त सोसलेला असतो. त्यामुळे ती निरोगी, नियमित माजावर येणाऱ्या कालवडीला वापरणे योग्य. वारंवार उलटणाऱ्या किंवा भर उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या दुभत्या गाईला ती देऊ नये, असे माझे मत आहे. आमच्या एका उलटणाऱ्या गाईसाठीही ती सुचवली गेली होती. कारणे विचारल्यावर डॉक्टरांनी आग्रह सोडला आणि साधी कांडी वापरली, पण विचारावे लागले, ही गोष्ट मला खटकली. एवढी महाग कांडी कोणत्या गाईला द्यायची नाही, हेही सेवेने आपणहून सांगायला हवे.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. फोन सकाळी लवकर घेतात, पण अंधार पडल्यावर गिरणाऱ्याच्या पुढे येत नाहीत. त्यामुळे सकाळी माज दिसलेल्या गाईला संध्याकाळची वेळ साधायची तर दुपारीच ठरवून घ्यावे लागते. साध्या कांडीचा दर आसपासच्या इतर खासगी सेवांच्या बरोबरीचा आहे, सरकारी दराहून अर्थात जास्त. तो आधी सांगतात आणि नंतर वाढवत नाहीत. अडीच-तीन महिन्यांनी गाभण तपासणीला स्वतःहून फोन करतात आणि तिचे वेगळे पैसे घेत नाहीत. डांगी गाईसाठी डांगी वळूची कांडी मात्र त्यांच्याकडे नेहमी असत नाही, आधी सांगून मागवावी लागते. ज्या जिल्ह्यात इगतपुरी आणि सुरगाण्याच्या डोंगरांत ही जात पिढ्यान्‌पिढ्या पावसात टिकून राहिली, तिथे हा साठा कायम असावा असे मला फार वाटते.

एकंदरीत, माज नीट ओळखून वेळ लिहून ठेवणाऱ्या घरासाठी ही सेवा मी निःसंकोच सुचवते. जिथे गाईवर लक्ष ठेवायला कोणी नसते आणि फोन केल्याबरोबर कांडी टाकून मोकळे व्हावे अशी अपेक्षा असते, तिथे तिच्याशी जमणे अवघड आहे, कारण ते नाही म्हणतात. नव्या बॅचची तपासणी होईल तेव्हा पहिल्या आकड्याशेजारी दोन तासांनंतरचा आकडाही केंद्रातल्या फळ्यावर लिहावा, अशी लेखी विनंती मी त्यांना दिली आहे. डॉक्टरांनी ती वाचून वहीत ठेवली आणि सूक्ष्मदर्शकाशेजारी ३७ अंशाचे पाणी धरून ठेवणारे भांडे किती किमतीला मिळेल याची चौकशी करायला सहायकाला सांगितले.